डिकॅफ की नेहमीची? आधी घड्याळ बघा

झोप लागत नाही म्हणून कॉफीच सोडू का, असं विचारलंत. सोडू नका, आधी शेवटचा कप कधी घेता ते बघा. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे ऑफिसातून निघताना ६ वाजता घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री ११ वाजताही अंगात असतं. म्हणून सकाळी नेहमीची आणि दुपारनंतर डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढून टाकलेली कॉफी, असंच मी सगळ्यांना सुचवते. डिकॅफमध्येही थोडं कॅफिन उरतंच, हे मात्र लक्षात ठेवा.

माटुंग्याला ताजी पूड दळून घेत असाल तर आणखी एक वाट आहे, आणि मला ती जास्त आवडते. रोबस्टा आणि अरेबिका हे कॉफीच्या बियांचे दोन प्रकार; रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीत, म्हणजे भाजलेल्या मुळाच्या पुडीत, ते अजिबात नसतं. तेव्हा दुकानदाराकडे नुसती अरेबिका मागा, त्यात थोडी चिकोरी घालायला सांगा. फिल्टर कॉफीचा दाटपणा राहतो, कॅफिन कमी होतं.

गरोदर असाल तर दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहा, डॉक्टरांनाही विचारा.

पूड एका वेळी थोडीच घ्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत तिचा वास फार लवकर उतरतो.