जामीन राहिलो, स्कोअर माझा पडला?

प्रश्न : सातपूरला कारखान्यात नोकरी करतो. स्वतःचं कर्ज नाही. तरी क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) कमी म्हणून बँकेनं घरकर्ज नाकारलं. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन आहे, त्यामुळे असेल का?

उत्तर : दाट शक्यता आहे. जामीनदाराच्या क्रेडिट अहवालातही ते कर्ज दिसतं. निफाडला अवकाळीनं द्राक्षं गेली, हप्ता थकला, की डाग तुमच्याही नावावर! (नात्यात नाही म्हणणं अवघड, हे मी बँकेतल्या नोकरीत पुष्कळ पाहिलं.)

आधी अहवाल काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. एजंटाला पैसे कशाला? भावानं हप्ते भरूनही थकबाकी दिसत असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे रोज 100 रुपये भरपाई मिळते.

खरंच थकलं असेल तर दोघं मिळून भरा, पण ‘सेटलमेंट’ (थोडी रक्कम भरून तडजोड) नको. कर्ज ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ लागलं की पुढची बँक बिचकते. शिवाय स्कोअर सुधारायला मुदत ठेवीवर छोटं क्रेडिट कार्ड घ्या, बिल दरमहा पूर्ण भरा. तोवर दहा बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी नोंदली जाते.