वेबच्या कामात समाधान हवे असेल, तर जर्मनीचा विचार कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : हिंजवडीतील एका सेवा कंपनीत तुम्ही सहा वर्षे रिअ‍ॅक्टवर (वेबपानांचा दर्शनी भाग बांधण्याच्या साधनावर) काम करीत आहात, त्यात आता मन रमत नाही, एआयमुळे हे कामच उरणार नाही अशी धास्ती वाटते, आणि म्हणून जर्मनीला जावे का व जाण्यापूर्वी कोणते नवे तंत्रज्ञान शिकावे, हे तुम्हाला ठरवायचे आहे; शिवाय सध्याच्या कंपनीच्या तीन महिन्यांच्या नोटिशीमुळे संधी हुकेल, अशीही भीती तुम्हाला वाटते. मीही पुण्यातूनच इकडे आलो आणि म्युनिकमध्ये वेबचेच काम करतो.

तुमच्या विचारण्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कामाचा कंटाळा हा बहुतेक वेळा देशाचा नसून कामाच्या रचनेचा प्रश्न असतो. मागणी करणारा ग्राहक, आराखडा काढणारा डिझायनर आणि अखेर ते पान वापरणारा माणूस यांपैकी कोणाशीही बोलणे होत नाही आणि दिवसभर नुसती तिकिटे (नेमून दिलेल्या कामांच्या नोंदी) बंद करायची, हे हिंजवडीत घडते तसेच म्युनिकच्या मोठ्या सल्लागार कंपन्यांतही घडते. फरक एवढाच की संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली अडकून पडावे लागत नाही. म्हणून मुलाखतीत पगाराइतक्याच गांभीर्याने विचारा की वापरणाऱ्यांशी तुमच्या टीमचा संबंध कितपत येतो, आणि एखादी गोष्ट बांधूच नये असे म्हणण्याचा अधिकार प्रोग्रामरला आहे का. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर तेही उत्तरच समजावे.

तंत्रज्ञानाबद्दल माझे मत तुम्हाला कदाचित जुनाट वाटेल. वेबवरील अ‍ॅनिमेशनसाठीचे फ्लॅश २०२०च्या अखेरीस बंद झाले, रिअ‍ॅक्टसारख्याच अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कची (वेबपाने बांधण्याच्या तयार सांगाड्याची) अधिकृत देखभाल २०२१च्या अखेरीस संपली, इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर जून २०२२मध्ये निवृत्त झाला. मात्र १९९०च्या दशकातील साधी एचटीएमएल पाने आजच्या ब्राउझरमध्येही बहुतांशी उघडतात. वरचा, साधनांचा थर सतत बदलतो; खालचा, एचटीएमएलसारख्या पायाचा थर फार सावकाश बदलतो. साधा रिअ‍ॅक्ट कंपोनंट (पानाचा बटण किंवा फॉर्मसारखा एक सुटा भाग) आता एआय काही क्षणांत लिहून देतो, त्यामुळे केवळ ते लिहिण्याला पूर्वीइतकी किंमत राहणार नाही. पण तो कंपोनंट कीबोर्डवर चालतो का, स्वस्त फोनवर पान किती अडखळते, वापरणाऱ्याची कोणती माहिती विनाकारण गोळा होते, हे ओळखणारा माणूस लागतोच. म्हणून आणखी एक फ्रेमवर्क शिकण्याऐवजी मी तुम्हाला खालच्या थरात उतरायला सांगेन.

त्यातही अ‍ॅक्सेसिबिलिटीकडे, म्हणजे दिव्यांगांनाही पान वापरता येण्याकडे, विशेष लक्ष द्या. युरोपीय अ‍ॅक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५पासून लागू झाला आहे आणि ऑनलाइन दुकाने, ग्राहकांसाठीच्या बँकसेवा, ई-पुस्तके, प्रवासाची तिकिटे विकणाऱ्या सेवा असे बरेच काही त्याच्या कक्षेत येते. अगदी छोट्या सेवा कंपन्यांना सूट आहे, पण इतरांना जर्मनीत एक लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे जे काम पूर्वी ‘वेळ उरला तर पाहू’ या खात्यात जात असे, ते आता मुख्य कामात आले आहे, आणि ते नीट जाणणारे लोक अजूनही कमी दिसतात. याची तयारी पुण्यात बसून, फुकट करता येते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) मोफत आहे. तो सुरू करून, माउस बाजूला ठेवून, तुम्हीच बांधलेल्या एखाद्या फॉर्मवर नोंदणी पूर्ण करून पाहा आणि आढळलेले दोष डब्ल्यूसीएजी या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या निकषांशी ताडून दुरुस्त करा. अशा दुरुस्तीचा सविस्तर वृत्तांत पोर्टफोलिओत असलेला उमेदवार मला दहा डेमो अ‍ॅप दाखवणाऱ्यापेक्षा उजवा वाटतो. शिवाय कोणाची तरी अडचण आपल्या हातून दूर झाली, हे या कामात प्रत्यक्ष दिसते; तुम्हाला हवे असलेले समाधान मला तरी इथेच अधिक सापडले.

आता जर्मनी. ब्लू कार्डसाठी, म्हणजे कुशल परदेशी व्यावसायिकांना मिळणाऱ्या रहिवास-परवान्यासाठी, आयटी क्षेत्राला पगाराची किमान अट कमी आहे. २०२५मध्ये ती वर्षाला ४३,७५९.८० युरो होती आणि ती दरवर्षी बदलते. नोव्हेंबर २०२३पासून गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा योग्य दर्जाचा अनुभव असलेल्या आयटी व्यावसायिकांना पदवीविनाही हे कार्ड मिळू शकते. पदवी असल्यास तुमचे विद्यापीठ आणि तुमची पदवी अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन माहितीकोशात कशी नोंदली आहे, ते अर्जापूर्वीच तपासा. मात्र पहिली नोकरी निवडताना घाई नको, कारण प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकते, त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येते, आणि ब्लू कार्डच्या पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावे लागते व ते कार्यालय हरकतही घेऊ शकते.

भाषेबाबत ‘आयटीत इंग्रजी चालते’ हे अर्धसत्य आहे. बर्लिन आणि म्युनिकच्या स्टार्टअपमध्ये ते चालते; पण टायपोथ्री (संकेतस्थळ चालवण्याची प्रणाली) किंवा शॉपवेअर (ऑनलाइन दुकानाची प्रणाली) यांवर काम करणाऱ्या, ग्राहकाशी थेट बोलणाऱ्या लहान कंपन्यांत, म्हणजे जिथे तुम्हाला हवे तसे काम मिळण्याची शक्यता जास्त, तिथे बैठका जर्मनमध्येच होतात. कायमचा रहिवासही ब्लू कार्डधारकाला जर्मन भाषा बी-वन (मध्यम) पातळीची येत असल्यास २१ महिन्यांनी आणि ए-वन (प्राथमिक) पातळीची येत असल्यास २७ महिन्यांनी मागता येतो. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवनाचा जर्मनचा वर्ग आत्ताच सुरू करा. इथे नोकरी आणि घरशोध सांभाळून शिकणे फार जड जाते.

राजीनामा व्हिसा हातात पडल्यावरच द्यावा. तीन महिन्यांच्या नोटिशीमुळे संधी हुकेल ही तुमची भीती मला अनाठायी वाटते, कारण जर्मनीतील कित्येक करारांतही तीन महिन्यांचीच नोटीस असते आणि कंपन्यांना थांबण्याची सवय असते.