चार जण येतात, अर्ज कोणी दिला?

प्रश्न : एमएसडब्ल्यू (समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी) करून दोन वर्षं झाली, नागपुरात एका संस्थेत समुपदेशक आहे. यशोधरानगरकडच्या वस्तीतलं एक कुटुंब माझ्याकडे आहे. नवरा वारला, बाई कॅटरिंगवाल्याकडे भांडी घासते. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी अडीचची, वजनाला कमी. त्या घरी आशाताई, अंगणवाडीताई, शाळेचे सर आणि मी, सगळेच जातो. बालसंगोपन योजनेचा, म्हणजे बाप गेलेल्या अशा लेकरांना दरमहा सरकारी मदत मिळते तिचा, अर्ज द्यायचा होता. तीन महिन्यांनी कळलं, कोणीच दिला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने दिला असेल. आता ती बाई म्हणते, ‘तुम्ही येऊन रायल्या, विचारून रायल्या, होऊन तं काहीच नाही रायलं.’ बैठकीत आम्ही एकमेकांवर ढकललं. माझं काम नेमकं कुठे संपतं?

उत्तर : वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते. बाईचं ते वाक्य बैठकीच्या वहीत जसंच्या तसं लिहून ठेव. त्या योजनेत मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. तीन महिने म्हणजे ६७५०, आणि तिला दोन लेकरं आहेत.

मी एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. एक कुपोषित बाळ पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालं. तिथे साधारण चौदा दिवस राहावं लागतं. सहाव्या दिवशी आई बाळाला घेऊन निघून गेली. सिस्टरने तिला समजावलं होतं, आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं होतं, मीही समजावलं होतं. ‘समुपदेशन केले’ अशा तिघींच्या तीन सह्या कागदावर होत्या. कारण नंतर कळलं. तिची मोठी पोरगी शेजारणीकडे होती आणि शेजारीण तान्ह्या पोळ्याला माहेरी निघाली होती. मोठीकडे कोण बघतं, हे तिघींपैकी एकीनेही विचारलं नव्हतं. सिस्टरचं ते काम नव्हतं, माझंच होतं.

आता तुझ्या केसबद्दल. मुलीचं वजन आणि दंडघेर घेणं अंगणवाडीताईंचं. दवाखान्यापर्यंत नेणं आशाताईंचं. मुलगा वर्गात दिसतो की नाही, ते सरांचं. बालसंगोपनाचा आदेश बालकल्याण समिती देते, अध्यक्ष आणि चार सदस्यांची. तेव्हा ‘मंजूर करून देते’ असं बाईला तू म्हणायचंच नाही. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला गोळा करून अर्ज पोचवणं मात्र या घरापुरतं तू घे. आशाताईंवर टाकू नकोस. त्यांना पगार नाही, मोबदल्यावर काम करतात, आणि आधीच त्यांच्या डोक्यावर डझनभर रजिस्टरं आहेत.

तुझं काम संपतं केव्हा? ‘मी सरांना सांगितलं होतं’ म्हटल्याने नाही. सर ‘हो, सोमवारी घरी जातो’ म्हणाले आणि मंगळवारी तू विचारलंस, तेव्हा. फोनच कर. ग्रुपवर टाकलेला निरोप वाचला सगळ्यांनी, उचलला कोणीच नाही, हे तुला ठाऊकच आहे.

एका बाबतीत मात्र ही वाटणी चालत नाही. लेकरावर लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर पोक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) जिच्या कानावर आलं तिनेच कळवायचं. ‘ते बाल संरक्षण कक्षाचं काम’ म्हणून थांबलीस, तर तो गुन्हा आहे.

या आठवड्यात चौघांनी एकदाच एकत्र जा, तिच्या कामावरून सुटायच्या वेळेनंतर. तिच्यासमोर एकेकाने सांगायचं, मी हे करणार, हे मी करत नाही. मग तिलाच विचारा, पुढे फोन कोणाचा आलेला चालेल? तिने आशाताईंचं नाव घेतलं तर तोंड पाडू नकोस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौघांच्या तारखा पेनाने लिहून या.

आणि अर्ज दिल्यावर पोच मिळेल ना, ती मूळ प्रत तिच्याकडे ठेव. झेरॉक्स तुझ्या फाइलला.