जुनाट कंबरदुखीवर चायनीज उपचारांचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की कंबर तीन वर्षं दुखतेय, एमआरआयमध्ये ऑपरेशन करण्यासारखं काही नाही, पेनकिलरचा कंटाळा आलाय, तर ॲक्युपंक्चर, कपिंग, चायनीज काढे यातलं काय करून बघू. माझं सरळ मत, सुया चालतील, काढे नकोत.

मी सिंगापूरला असतो. इथे चायनीज वैद्याला सिन्से म्हणतात आणि त्याला सरकारी बोर्डाकडे रजिस्ट्रेशन लागतं. माझी कंबर आयटीच्या खुर्चीने धरलेली. सिन्सेने दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाला अंगात गारठा आणि ओल शिरलीय, बर्फाचं पाणी बंद कर (हे तर माझी आजी फुकटात सांगायची). त्यांचं गणित असं की 'ची', म्हणजे अंगात फिरणारी प्राणशक्ती, वाहायची अडली की दुखतं, वाट मोकळी केली की थांबतं. मग कमरेत आणि गुडघ्यामागच्या खळगीत सुया. इंजेक्शनसारखं अजिबात नाही, टोचलेली कळत पण नाही, पण तो ती चिमटीत धरून फिरवतो तेव्हा आत जड, बधिर असं काहीतरी होतं आणि ते व्हायलाच पाहिजे म्हणे. वरून लाल दिव्याचा शेक, वीसेक मिनिटं पडून राहायचं. आराम पडतो, पण काही आठवड्यांनी परत ये रे माझ्या मागल्या.

आता गंमत बघा. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २००७ साली छापून आली. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या खोट्या सुयांनी ४४.२ टक्के, आणि नेहमीच्या औषध-व्यायामाने २७.४. म्हणजे नेमका बिंदू वगैरेला फारसा अर्थ नाही पण टोचून घेणाऱ्यांना बरं वाटतं हे खरं, आता त्यातलं सुईचं किती आणि मनाचं किती ते तुम्ही ठरवा, कंबर दुखत असताना मला तरी त्याने फरक पडत नाही.

कपिंग म्हणजे आपली तुंबडीच, पाठीवर जांभळे गोल उठतात, बाकी विशेष नाही.

काढ्यांना नाही म्हणतोय कारण दुखण्यावरच्या बऱ्याच चायनीज औषधांत बचनागाच्या जातीची मुळी असते, नीट उकळली नसेल तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो. आणि सांधेदुखीच्या 'हर्बल' गोळ्यांत गुपचूप स्टेरॉइड सापडल्याच्या वॉर्निंग इथलं आरोग्य खातं अधूनमधून काढत असतं. दोन दिवसांत जादू झाली की समजायचं आत काय आहे ते.

महाराष्ट्रात असाल तर ॲक्युपंक्चर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन विचारा, सुया तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढायला सांगा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. व्यायाम बंद करू नका. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडकली तर कुठलाही सिन्से नको, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.