वाचा-भाषा उपचार: वाचकांचे प्रश्न

मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यमात. गोष्ट सांगायला लागला की थांबत नाही, पण लिहायला बसला की 'वर्ग'चं 'वग्र', 'पुस्तक'चं 'पुतक', 'किती'चं 'कती' होतं. बाई म्हणतात रोज दहा ओळी शुद्धलेखन घाला. दोन वर्षं घालतोय, फरक नाही. आळस आहे की आजार?
*एक आई, कोरेगाव (सातारा)*

दोन्ही नाही. दहा ओळी मात्र आजपासून बंद करा. बघून उतरवताना शब्द डोळ्यातून थेट हातात जातो, कानाला आणि जिभेला काही कामच उरत नाही. मुलगा 'पुस्तक' लिहीत नसतो, त्याचं चित्र काढत असतो. चित्र बरोबर येतं, श्रुतलेखनात पुन्हा 'पुतक' येतं.

तुम्ही कळवलेल्या तीन चुका तीन जातींच्या आहेत. 'पुतक'मध्ये जोडाक्षरातला अर्धा स् कानाला सुटा जाणवलेला नाही. 'कती'मध्ये स्वर गळला. 'वग्र'मध्ये आवाज सगळे आहेत, फक्त र ची जागा चुकली, आणि यात देवनागरीचाही थोडा दोष आहे. बोलताना र् आधी येतो, ग नंतर. लिहिताना आधी ग काढायचा आणि मग मागे वळून त्याच्या डोक्यावर रफार द्यायचा. पहिल्या वेलांटीचं उलटं: उच्चारात क् आधी, इ नंतर, कागदावर वेलांटी डावीकडे. जे मूल कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहू पाहतं, ते इथे हमखास अडखळतं. त्यात र ची सोंगं चार: वर्ग, ग्रह, ट्रक, वऱ्हाड.

म्हणून आधी चुकांची वर्गवारी करा. ४० शब्दांचं श्रुतलेखन घ्या: १० साधे (कमळ, नगर), १० काना-मात्रा-वेलांटीचे, १० जोडाक्षरांचे, १० र च्या वेगवेगळ्या रूपांचे. दोन दिवसांत विभागून घ्या, लाल पेन बाजूला ठेवा. मग पाच रकाने आखा: स्वर गळला, स्वर बदलला, जोडाक्षर तुटलं, र ची जागा चुकली, दिसायला सारखं अक्षर पडलं (घ-ध, भ-म, थ-य). जो रकाना सर्वात भरलेला, त्यावरच पुढचे दोन आठवडे काम. 'मूल'चं 'मुल' झालं तर सध्या सोडून द्या. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक फारसा उरलेला नाही, तो नियमाने शिकायचा असतो. साताऱ्यात पोवई नाक्यावर उभं राहून पाट्या वाचल्यात तर मोठ्यांचीही तीच गत दिसेल.

जोडाक्षरांचा सराव असा. रोज १५ मिनिटं, पाच शब्द: तीन कालचे, दोन नवे. शब्द आधी कागदाविना. तुम्ही 'पुस्तक' म्हणा, त्याने प्रत्येक अक्षराला एक चिंचोका पुढे सरकवायचा: पु, स्त, क. तीन झाले. आता मधला चिंचोका उचलून त्याजागी दोन ठेवायचे आणि 'स्... त' असं ताणून म्हणायचं. हा अर्धा स् त्याला *ऐकू* आला की मगच पाटी. लिहिताना आवाज तोंडाने काढत लिहायचं, मग पुसून, न बघता पुन्हा एकदा. रफारासाठी 'वर्-ग' असं तोडून म्हणायचं, 'र कुणाच्या आधी बोललास?' विचारायचं, 'ग च्या' असं उत्तर आलं की ग च्याच डोक्यावर रफार. पाचपैकी चार शब्द सलग तीन दिवस बरोबर आले की पुढचा गट घ्या. बहुतेक घरी घोडं इथेच अडतं: दुसऱ्या दिवशी जमलं म्हणून पुढे जातात, आणि आठवड्याने सगळं विसरलेलं असतं.

याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील आणि सहा महिने अशा सरावानंतरही तो वर्गाच्या बराच मागे राहिला, तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं अडतं, तिची) रीतसर चाचणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती २१ प्रकारांपैकी एक आहे, आणि आठव्या वर्षापासून किंवा तिसरीपासून तपासणी होऊन दाखला मिळतो. तो १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासला जातो. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक याच दाखल्यावर मिळतो. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावपळ करणाऱ्यांचे कागद अडकतात. तुमच्याकडे भरपूर वेळ आहे.

वडील ६४ वर्षांचे, द्राक्षबागायतदार. चार महिन्यांपूर्वी उजव्या बाजूचा लकवा झाला. हात-पाय सुधारले, पण काहीही विचारलं तरी 'बरं बरं' एवढंच बोलतात. मात्र भजनाला बसवलं तर अभंग पूर्ण म्हणतात! लोक म्हणतात, मुद्दाम बोलत नाहीत.
*एक वाचक, तासगाव*

मुद्दाम नाही. याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते आणि तोच भाग शरीराची उजवी बाजू हलवतो, म्हणून उजवा लकवा आणि वाचा जाणं अनेकदा जोडीने येतात. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी वर्णन केलेला रुग्ण 'टॅन' एवढाच शब्द बोलायचा. तुमच्या वडिलांचा 'बरं बरं' त्याच जातीचा. शहाणपण, आठवणी, बागेचा हिशोब शाबूत असू शकतो, शब्दापर्यंतची वाट तुटलेली असते. पाठ असलेले अभंग, आकडे, वार आणि शिव्यासुद्धा वेगळ्या वाटेने येतात, त्यामुळे ते टिकतात. ही वाट उपचारात वापरतात.

दोन-तीन अक्षरांचं कामाचं वाक्य घ्या: 'चहा द्या'. दोनच सुरांत, एक खाली एक वर, संथ गुणगुणा, आणि त्यांचा *डावा* हात धरून प्रत्येक अक्षराला टेबलावर एक थाप द्या. आधी तुम्ही एकटे, मग दोघं मिळून, मग मध्येच तुम्ही गप्प व्हा, मग त्यांनी एकट्याने. शेवटी साध्या आवाजात विचारा, 'काय हवंय?' एकेक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नको. अभंग म्हणून घेणं चांगलंच, पण नुसत्या अभंगातून 'चहा द्या' आपोआप उगवत नाही.

दुसरं, घरातल्या दहा वस्तू निवडा: चष्मा, तांब्या, भाकरी, बागेची कात्री, अशा रोजच्या हातातल्या. वस्तू दाखवून दहा सेकंद थांबा. हे थांबणं घरच्यांना सर्वात जड जातं. नाही आलं तर उपयोग विचारा, तरी नाही तर वाक्य अर्धं सोडा ('डोळ्याला लावायचा...'), मग पहिला आवाज द्या ('च...'), आणि शेवटी पूर्ण शब्द म्हणून त्यांच्याकडून म्हणवून घ्या. कुठल्या पायरीला शब्द आला ते वहीत टिपा. २०-२० मिनिटं दिवसातून दोनदा, थकायच्या आत थांबा. सुरुवातीचे तीन महिने सुधारणा वेगाने होते हे खरं, पण नंतर ती थांबते हे खरं नाही.

'हो-नाही'वर लगेच विसंबू नका. मुद्दाम चुकीचं विचारा: 'आपण मुंबईत राहतो का?' त्यावरही 'बरं बरं' आलं तर कागदावर बरोबरची आणि फुलीची खूण काढून बोट ठेवायला सांगा. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा नंतर आवाज ओला येत असेल तर सराव बाजूला ठेवून आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. वाचा-उपचारतज्ज्ञच ती करतात. तज्ज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचारायला संकोच नको. जिभेला तेल चोळणारा कुणी भेटला तर पैसे वाचवा, जिभेत बिघाड नाही.

जाता जाता: सहीसाठी बँकेत अडचण येईल. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी असावा लागतो. शाखेत आधी जाऊन बोला.

नातू अडीच वर्षांचा, पाच-सहा शब्द बोलतो. वेखंड उगाळून जिभेला लावतो. जिभेखालचा दोरा कापावा का?
*एक आजी, वाई*

वेखंडाने बोलणं येत नाही, थांबवा. दोरा घट्ट असेल तर ल, त, र असे काही उच्चार बिघडू शकतात, पण शब्दच न येण्याचं ते कारण नाही. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द आणि 'दूध दे' अशी जोड हवी, म्हणजे नातू मागे आहे. 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणून वाट बघू नका. सर्वात आधी श्रवणचाचणी. टाळी वाजवल्यावर वळतो यावर समाधान मानू नका, कमी ऐकणारं मूलही टाळीला वळतं. मोबाइल बंद करा आणि 'हे काय, ते काय' विचारण्यापेक्षा तो जे करतोय ते तुम्ही बोला: 'गाडी... गाडी पडली.' अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकालाही दाखवा.

माझ्या वर्गातली बरीच मुलं 'पानी', 'लोनी' म्हणतात आणि तसंच लिहितात. काहींच्या घरी कन्नड. वाचादोष समजावा का?
*एक शिक्षिका, जत (सांगली)*

नाही. ण च्या जागी न ही बोलीची रीत आहे. 'घरी पानी, वहीत पाणी' असं दोन्हीला मान देऊन शिकवा. कन्नड घरातल्या मुलाबद्दल एकच कसोटी: आईला विचारा, घरच्या भाषेत तो वयाप्रमाणे बोलतो का? बोलत असेल तर मराठीचा सराव कमी पडतोय. दोन्हीत अडखळत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवा. आणि पालकांना 'घरी मराठीच बोला' असं सांगू नका.