जीव्जचं मेबलवर खरंच प्रेम होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पी. जी. वुडहाऊसच्या १९२१ सालच्या 'जीव्ज इन द स्प्रिंगटाइम' या कथेत जीव्ज शेवटी मेबलला स्वतःसाठी पटकावतो, ते तिच्यावरच्या प्रेमापोटी, की सगळा आधीपासून रचलेला डाव? (उत्तरात शेवट फुटणार आहे. कथा न वाचलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.)

मला वाटतं, मेबलकडे बघत राहिलं की कोडं सुटत नाही. मिस वॉटसनकडे बघायला हवं.

आधी कोण कुणाचं ते सांगतो. जीव्ज हा बर्टी वूस्टर या श्रीमंत तरुणाचा खासगी नोकर. बर्टीचा मित्र बिंगो लिटल लंडनमधल्या एका साध्या चहाच्या दुकानातल्या मेबल नावाच्या वेट्रेसच्या प्रेमात पडतो. बिंगोचं पोट काकांच्या पैशावर. असं लग्न काकांच्या गळी उतरवायचं कसं? जीव्ज उपाय सुचवतो: काका गाउटने (सांधे सुजण्याच्या दुखण्याने) आजारी आहेत, त्यांना रोझी एम. बँक्सच्या प्रेमकादंबऱ्या वाचून दाखवा. बड्या घरचा मुलगा आणि गरीब कष्टकरी मुलगी, असला मालमसाला. या काकांकडे मिस वॉटसन स्वयंपाकाला आहे आणि तिच्याशी आपलं 'जवळजवळ ठरलेलं' आहे, हे जीव्जच बर्टीला सांगतो. त्या घरातल्या बातम्या त्याला कळतात त्या तिच्याकडूनच.

कादंबऱ्या काम करतात, जरा जास्तच. काका विरघळतात आणि थेट स्वयंपाकिणीशीच लग्न ठरवून मोकळे होतात. बिंगोचा भत्ता वाढवायला मात्र नकार, कारण आता होणाऱ्या बायकोचा विचार करायला हवा! बर्टी बिचारा घाबरत घाबरत जीव्जला ही बातमी देतो. जीव्ज म्हणतो, मला साधारण अपेक्षा होतीच. आमचं तसं जमण्यासारखं नाही हे बरेच दिवस लक्षात आलं होतं. आणि दुसरी एक तरुणी आहे, कॅम्बरवेलच्या नाचाच्या कार्यक्रमात भेटलेली. ती कोण, हे बर्टीच्या डोक्यात शिरेपर्यंत जीव्ज सिगारेटी टेबलावर ठेवून 'गुड नाइट, सर' म्हणून निघूनही गेलेला असतो.

आता एक बारीक गोष्ट, जी पहिल्या वाचनात माझ्याही हातून निसटली होती. बिंगोला मेबल भेटली तीही त्याच कॅम्बरवेलच्या कार्यक्रमात, आणि त्याला तिथली तिकिटं विकली होती खुद्द जीव्जने! तो स्वतःही तिथे होता आणि झकास नाचत होता, असं बिंगो सुरुवातीलाच सांगून जातो. वुडहाऊसने पुरावा उघड्यावर मांडून ठेवलाय. पण यावरून एक नक्की: डाव त्या रात्रीपासूनचा नाही. ज्या मुलीवर स्वतःचा डोळा आहे तिच्यासमोर कुणी आपणहून प्रतिस्पर्धी आणून उभा करत नाही. जीव्ज तर नाहीच नाही.

मग डाव कधी सुरू झाला? माझ्या मते कादंबऱ्यांपासून, आणि तो मिस वॉटसनमधून सुटण्यासाठी होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्नाचं वचन मोडणाऱ्या पुरुषावर बाई नुकसानभरपाईचा दावा लावू शकत असे. तो कायदा रद्द झाला १९७० मध्ये. वुडहाऊसची अर्धी पात्रं त्या दाव्याच्या धास्तीत वावरतात. दावा नाही झाला तरी सभ्य गृहस्थाने दिलेला शब्द मागे घ्यायचा नाही, हा दंडक होताच. म्हणून बर्टी नकोशा साखरपुड्यात अडकला की एकच मार्ग उरतो: नकार मुलीकडून यायला हवा. १९१६ च्या 'जीव्ज टेक्स चार्ज' मध्ये जीव्ज हेच करतो. बर्टीच्या अंकलनी लिहिलेल्या आठवणींचं हस्तलिखित नष्ट कर, असा बर्टीची वाग्दत्त वधू फ्लॉरेन्स क्रे हिचा त्याला हुकूम. जीव्ज ते गुपचूप प्रकाशकाकडे पोस्ट करतो. ती चिडते, लग्न मोडते आणि बर्टी नामानिराळा.

मिस वॉटसनच्या बाबतीत तीच युक्ती त्याने स्वतःसाठी वापरली, एवढंच. तिला आपणहून सोडून जावंसं वाटेल असं स्थळ समोर आलं, तेही श्रीमंत. तिचंही भलंच झालं. दुखावलं कुणी नाही, बिंगो सोडून. आणि बिंगोचं दुःख पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

राहिली मेबल. ती पुढच्या कथांत कुठेच दिसत नाही. (बर्टीचा दुसरा मित्र बिफी याच्यावरच्या १९२४ च्या कथेतली मेबल ही जीव्जची भाची, दोघींची गल्लत करू नका.) तो तिला भेटायला गेला, तिच्यासाठी काही केलं, असं एक वाक्यही नाही. लेखकाला शेवटच्या धक्क्यासाठी ती हवी होती, हे खरंच. पण पात्राच्या अंगाने बघायचं तर मला तिथे ओढ दिसते, लग्न करण्याची घाई दिसत नाही.

शिवाय तो टाय आठवा. बिंगोच्या गळ्यात लालभडक सॅटिनचा, घोड्याच्या नालांची नक्षी असलेला टाय असतो. तो मेबलने दिलेला, आणि तुला फार शोभतो म्हणून ती त्याचं कौतुकही करते. बर्टीच्या जांभळ्या मोज्यांवरून ज्याचं तोंड दिवसचे दिवस आंबट होतं, त्या जीव्जला तिने वाढदिवसाला काय दिलं असतं?