वय निघून गेलं असं वाटत असताना पुन्हा उभं करेल, असा खेळावरचा कोणता सिनेमा सुचवाल?

‘कौन प्रवीण तांबे?’ बघा. २०२२ चा हिंदी सिनेमा आहे, पण घर, चाळ, मैदान सगळं आपल्या मुंबईचं. श्रेयस तळपदेने मुख्य भूमिका केली आहे.

गोष्ट खरी आहे. प्रवीण तांबे वर्षानुवर्षं क्लब आणि कंपनी क्रिकेट खेळत राहिले. रणजीचा एकही सामना नाही. आधी ते मध्यमगती गोलंदाज होते, मग लेगस्पिनकडे वळले. मला सगळ्यात मोठी हीच गोष्ट वाटते. नुसतं चिकटून राहणं वेगळं आणि हातात बसलेली कला बाजूला ठेवून नवी शिकणं वेगळं.

२०१३ मध्ये, ४१ व्या वर्षी, राजस्थान रॉयल्सने त्यांना घेतलं. रणजी पदार्पण त्यानंतर झालं! २०१४ मध्ये कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक. मनीष पांडे वाइड चेंडूवर यष्टिचित, पुढच्या चेंडूवर युसूफ पठाणचा झेल स्वतःच घेतला, मग टेन डोशाटे पायचीत.

सिनेमात अधूनमधून नाट्य जरा जास्त होतं, ते चालवून घ्या. श्रेयसचा चेहरा बघा. निवड यादीत नाव नाही म्हटल्यावर तो काही बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी किट खांद्यावर टाकून निघतोच. घरी नोकरीवरून बोलणी खातानाही डोक्यात चेंडूच फिरत असतो. शक्यतो घरच्यांना सोबत घेऊन बघा, कारण त्यांनी सोसलेलंही त्यात आहे.